२५४ चेंडूंचा हिशेब

माझ्यासमोर दहा धावफलक आहेत. १९८७च्या विश्वचषकात साखळी फेरीत भारत सहा सामने खेळला, ऑस्ट्रेलियाही सहा. त्यांतले दोन आपसातले, म्हणून बाराचे दहा झाले. जोडीला ‘अ’ गटाचा अखेरचा गुणतक्ता आहे. त्याच्या वरच्या दोन ओळींवर नजर अडखळते. भारत : सामने ६, विजय ५, पराभव १, गुण २०. ऑस्ट्रेलिया : सामने ६, विजय ५, पराभव १, गुण २०. मग शेवटचा रकाना येतो, धावगतीचा. तिथे भारतापुढे ५.४१ आहे आणि ऑस्ट्रेलियापुढे ५.१९.

दोघांना वेगळे करणारी जागा एवढीच, आणि आदल्या रात्री तिथलाही क्रम उलटा होता. तो पालटला नागपुरात, शनिवारी, ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी. त्या दिवसाच्या दोन गोष्टी क्रिकेटवेड्या माणसाला झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगता येतात : चेतन शर्माने लागोपाठच्या तीन चेंडूंवर उडवलेले तीन त्रिफळे आणि सुनील गावसकरांचे एकदिवसीय क्रिकेटमधले एकुलते एक शतक. दोन्ही खऱ्या. पण या आठवणींत स्पर्धेचा नियम कुठे भेटत नाही, आणि धावफलक ओळीने मांडून बसले की दिसते ते असे, की त्या दिवशीच्या खेळाचा अर्धा कर्ता तो नियमच होता. गावसकरांचे शतक हे एका भागाकाराचे उत्तर होते. तो भागाकार पुन्हा मांडून पाहायचा, एवढाच या लेखाचा उद्योग.

पिंगळीहून हे लिहिताना एक सोय आहे. या स्पर्धेचा नकाशा इथून रेल्वेच्या रुळांनी मोजता येतो. परभणी सोडून पूर्णेच्या वाटेला लागले की पिंगळी, मग मिरखेल, मग पूर्णा जंक्शन. निजामाच्या राज्यात टाकलेला हा लोहमार्ग १९८७ साली मीटरगेजच होता. एका टोकाला मनमाड आणि तिथून गाडी बदलून मुंबई. दुसऱ्या टोकाला सिकंदराबाद. पूर्णेला फुटलेला फाटा हिंगोली-वाशीमवरून अकोल्याला जायचा, आणि पुढे मोठ्या गाडीने नागपूर. सामने या तिन्ही दिशांना झाले. महाराष्ट्राच्या वाट्याला चार आले : १७ ऑक्टोबरला वानखेडेवर भारत-झिंबाब्वे, ३० तारखेला पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर इंग्लंड-श्रीलंका, दुसऱ्या दिवशी नागपूर आणि ५ नोव्हेंबरला परत वानखेडेवर उपान्त्य सामना. मराठवाड्यात एकही नाही. या भागात क्रिकेट पोचायचे ते कानांनी. ‘षटक’, ‘त्रिफळाचीत’ असे शब्द खेड्यापाड्यांतल्या तोंडी बसले त्यात बाळ ज. पंडितांसारख्या मराठी समालोचकांचा वाटा फार मोठा.

जुनी कात्रणे चाळताना आमच्याकडचा माणूस एका ठिकाणी हमखास फसतो. स्पर्धेचा पहिलाच सामना ८ ऑक्टोबरला ‘हैदराबाद’ येथे झाल्याची नोंद सापडते. परभणी जिल्हा ज्या संस्थानात होता त्याची राजधानी ती हीच, असे वाटून ऊर भरून यायच्या आत पुढची ओळ वाचावी : पाकिस्तान विरुद्ध श्रीलंका. हे हैदराबाद सिंधमधले. आपल्या हैदराबादेत दोन दिवसांनी न्यूझीलंडने झिंबाब्वेला अवघ्या तीन धावांनी हरवले. त्यात डेव्ह हॉटनने एकट्याने १४२ धावा काढल्या होत्या. एकाच स्पर्धेत दोन हैदराबादे, हा योग पुन्हा यायचा नाही.

आता स्पर्धेच्या घडणीकडे. पहिले तिन्ही विश्वचषक, १९७५, १९७९ आणि १९८३चे, इंग्लंडमध्येच झाले. प्रुडेन्शियल या विमा कंपनीचे नाव त्यांना होते. संघ आठ, गट दोन, डाव साठ षटकांचा. पहिल्या दोन वेळी गटातला प्रत्येक संघ इतरांशी एकेकदा खेळला. १९८३ साली ते दोनदा झाले. एखाद्या दिवशीचा पाऊस किंवा एखाद्या दिवसाची लहर यावर सगळे ठरू नये, हा त्यामागचा विचार. त्याच वर्षी २५ जूनला भारताने लॉर्ड्‌सवर वेस्ट इंडीजला ४३ धावांनी हरवले. त्या अंतिम सामन्याच्या जादा प्रवेशिका मागितल्या तर मिळाल्या नाहीत आणि तिथेच, स्पर्धा आपल्याकडे न्यायची, असे भारतीय मंडळाचे अध्यक्ष एन. के. पी. साळवे यांच्या मनाने घेतले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. साळवे नागपूरचे. सनदी लेखापाल, खासदार, पूर्वी स्वतः क्लब क्रिकेट खेळलेले. या स्पर्धेच्या जन्मकथेवर त्यांनी पुस्तकही लिहिले.

प्रवेशिकेच्या अपमानाची गोष्ट रंगतदार आहे, पण मानापमानावर विश्वचषक देश बदलत नाही. पाकिस्तान मंडळाचे प्रमुख नूर खान यांच्याशी हातमिळवणी झाली, दोन्ही देशांची संयुक्त व्यवस्थापन समिती बनली आणि सहभागी देशांना इंग्लंडपेक्षा भरघोस रकमेची हमी देण्यात आली, तेव्हा पारडे फिरले. पैसा उभा राहिला रिलायन्सच्या नावावर. म्हणून तो रिलायन्स चषक. १९८७च्याच फेब्रुवारीत सीमेवर फौजा समोरासमोर असताना पाकिस्तानचे अध्यक्ष जनरल झिया जयपूरला कसोटी पाहायला येऊन बसले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे दोन्ही देशांनी मिळून सत्तावीस सामने एकवीस मैदानांवर (भारतात चौदा, पाकिस्तानात सात) पार पाडले याचे महत्त्व कळते.

डाव मात्र साठाचा पन्नास षटकांचा झाला. कारण अगदी साधे होते. इंग्लंडमध्ये जूनचा उजेड रात्री नऊपर्यंत रेंगाळतो; आपल्याकडे ऑक्टोबरअखेर सहाच्या सुमाराला दिवेलागण होते. आज ‘वन डे’ म्हणजे पन्नास षटके हे गणित जगभर गृहीत धरले जाते. विश्वचषकापुरते तरी ते आपल्या हिवाळ्याच्या तोंडच्या सूर्याने ठरवले.

बाकी आराखडा १९८३चाच. ‘अ’ गटात भारत, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, झिंबाब्वे. ‘ब’ गटात पाकिस्तान, इंग्लंड, वेस्ट इंडीज, श्रीलंका. प्रत्येकाशी दोनदा. विजयाला चार गुण. गुण सारखे झाले तर धावगती. एका गटाचा पहिला दुसऱ्या गटाच्या दुसऱ्याशी खेळणार. ‘ब’ गटाचा विजेता लाहोरला, ४ नोव्हेंबरला. ‘अ’ गटाचा विजेता मुंबईला, ५ नोव्हेंबरला. नागपूरच्या सामन्याला जे वजन आले ते या शेवटच्या वाक्यामुळे.

पण धावगती म्हणजे नेमके काय? इथे आजच्या वाचकाची गफलत होते, आणि बऱ्याच लेखांतही ती झालेली दिसते. आज आपण जी वापरतो ती निव्वळ धावगती : आपण काढलेल्या धावांच्या गतीतून दिलेल्या धावांची गती वजा. १९८७ साली वजाबाकी नव्हती. फक्त आपल्या धावा, भागिले आपली षटके. हे मी नियमपुस्तिकेवरून सांगत नाही, धावफलकांवरून सांगतो. भारताच्या सहा डावांच्या धावा अशा : मद्रासला २६९, बंगलोरला २५२, मुंबईला १३६, दिल्लीला २८९, अहमदाबादला १९४, नागपूरला २२४. बेरीज १३६४. षटकांची बेरीज करताना एक पेच पडतो. मद्रासला भारताचा डाव ४९.५ षटकांत संपला, सगळे बाद होऊन. ती ४९.५ धरायची की पन्नास? ४९.५ धरली तर गती येते ५.४२. पूर्ण पन्नास धरली तर एकूण षटके बरोबर २५२ होतात आणि गती ५.४१, म्हणजे गुणतक्त्यात आहे तीच. ऑस्ट्रेलियाकडून पडताळा घेऊ. दिल्लीत ते ४९ षटकांत सर्वबाद झाले. त्यांच्या धावा १४५४. ४९ धरून भागले तर ५.२१ येतात, ५० धरून ५.१९. तक्त्यात ५.१९ आहे. तेव्हा नियम असा ठरतो : सर्वबाद झालात तर षटके पूर्ण धरली जातील, आणि समोरच्याला किती रोखलेत याची दखल नाही.

ही दुसरी अट दिसते तितकी निरुपद्रवी नव्हती. १७ ऑक्टोबरला मुंबईत भारताने झिंबाब्वेला १३५ धावांत गुंडाळले. मनोज प्रभाकरने १९ धावांत चार बळी घेतले. मग भारताने २७.५ षटकांत आठ गडी राखून सामना जिंकला. यापेक्षा एकतर्फी काय असणार? पण त्या डावाची गती ४.८९. उलट मद्रासला जो सामना भारत हरला त्या डावाची गती ५.३८. म्हणजे या नियमाच्या वहीत हरलेला सामना भारताला वर नेत होता आणि आठ गडी राखून जिंकलेला खाली खेचत होता. गोलंदाजांनी प्रतिस्पर्ध्याला जितक्या लवकर बाद करावे तितके फलंदाजांना धावा काढायला रान कमी. असला नियम फार दिवस टिकला नाही यात नवल नाही.

आता तो मद्रासचा सामना. ९ ऑक्टोबर, चेपॉक. ऑस्ट्रेलियाने आधी फलंदाजी केली, जेफ मार्शने ११० धावा काढल्या. डीन जोन्सने मारलेला एक उंच फटका सीमेपाशी पडला. पंचांनी चौकार दिला. डाव संपला तेव्हा फलकावर २६८ होते. मधल्या वेळेत ऑस्ट्रेलियाच्या व्यवस्थापकांनी तो षटकार होता असा आग्रह धरला, आणि कर्णधार कपिलदेव यांनी हरकत घेतली नाही. २६८चे २७० झाले. भारत २ बाद २०७ अशा मजबूत स्थितीत होता. आपला पहिलाच एकदिवसीय सामना खेळणाऱ्या नवज्योत सिद्धूने ७३ धावा झोडपल्या होत्या, श्रीकांतने ७०. तिथून गळती लागली आणि शेवटच्या षटकाच्या पाचव्या चेंडूवर स्टीव्ह वॉने मणिंदरसिंगचा त्रिफळा उडवला तेव्हा फलकावर २६९ होते. एका धावेने पराभव.

कपिलच्या दिलदारीवर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच. गुणतक्त्यात त्याचा परिणाम किती, हे मात्र कुणी मांडल्याचे फारसे वाचनात येत नाही. आकडे आहेत तसेच ठेवून फक्त ते दोन परत घेतले, तर भारत सहापैकी सहा सामने जिंकतो, गुण २४, ऑस्ट्रेलियाचे १६. नागपूरच्या आधीच गट भारताच्या खिशात, आणि ३१ ऑक्टोबरचा सामना केवळ उपचार. अर्थात इतिहासात असे एकच पान फाडता येत नाही. २६९चे लक्ष्य असते तर शेवटची जोडी वेगळी खेळली असती, कदाचित वेगळी बादही झाली असती. तरी एवढे म्हणता येते, की नागपूरच्या भागाकारातला पहिला आकडा चेपॉकच्या सीमारेषेवर पडला.

योगायोग असा की आठवड्याभरात ‘ब’ गटातही तसेच घडले. १६ ऑक्टोबरला लाहोरमध्ये पाकिस्तान-वेस्ट इंडीज सामन्याच्या शेवटच्या षटकात पाकिस्तानचा सलीम जाफर चेंडू पडायच्या आधीच धावेसाठी क्रीज सोडून गेला होता. कोर्टनी वॉल्शने त्याला धावबाद न करता नुसता थांबून इशारा दिला. पाकिस्तानने तो सामना एक गडी राखून जिंकला. वॉल्शने यष्ट्या उडवल्या असत्या तर पाकिस्तान, इंग्लंड आणि वेस्ट इंडीज तिघांचे सोळा-सोळा गुण होऊन तिथेही प्रकरण धावगतीवर गेले असते. कपिल आणि वॉल्श, दोघांनीही स्पर्धा हातची घालवली असे कुणी म्हणेल. मी म्हणणार नाही.

दुसरा आकडा इंदूरच्या पावसात सापडतो. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड सामना १८ ऑक्टोबरला व्हायचा तो पावसाने १९ला गेला आणि तिथेही तीसच षटकांचा झाला. ऑस्ट्रेलियाने ४ बाद १९९ केल्या. डेव्हिड बूनच्या ८७. तीन धावांनी ते जिंकले. छोट्या सामन्यात हातात दहाच्या दहा गडी आणि षटके मोजकी. सगळे पहिल्यापासून हाणामारीला मोकळे. गती पडली ६.६३. हा एक डाव बाजूला काढून ऑस्ट्रेलियाच्या उरलेल्या पाच डावांची गती पाहिली तर ती ५.०२ भरते. तसे असते तर नागपुरात भारताला नुसते जिंकून भागले असते, अगदी पन्नासाव्या षटकात का होईना. माळव्यातला अवेळी पाऊस विदर्भातल्या सामन्याला असा येऊन चिकटला.

तिसरा आकडा खुद्द गावसकरांचा आहे, आणि या सगळ्या कागदांत मला तोच सर्वांत बोलका वाटतो. त्या वर्षीचे लक्ष्मीपूजन २२ ऑक्टोबरला आले. त्याच दिवशी दिल्लीत भारताने ६ बाद २८९ करून ऑस्ट्रेलियाला ५६ धावांनी हरवले. गावसकर ६१, वेंगसरकर ६३, सिद्धू ५१, अझरुद्दीन नाबाद ५४. त्यातच अझरुद्दीनने गोलंदाजी करून १९ धावांत तीन बळी काढले. त्या संध्याकाळी भारताची गती ५.३२ होती, ऑस्ट्रेलियाची ५.२१. सगळे आलबेल. चार दिवसांनी अहमदाबादला झिंबाब्वेने ७ बाद १९१ केल्या. भारताने तीन गडी गमावून १९४ केल्या, पण त्यासाठी घेतली ४२ षटके. सिद्धूने ५५ धावांना ६१ चेंडू घेतले, कपिलदेवने नाबाद ४१ धावांना अवघे २५. आणि गावसकरांच्या नावापुढे आहे : धावा ५०, चेंडू ११४.

सामना सात गडी राखून जिंकला. पण भारताची गती ५.३२वरून ५.१९ला घसरली, नेमकी सांगायची तर ५.१८६. ऑस्ट्रेलिया ५.२०६वर, म्हणजे पुढे. अहमदाबादचे काम चौतीस षटकांच्या आसपास उरकले असते तर नागपूरला कसलाही हिशेब उरला नसता, असे आज बेरजा करून सांगता येते. तेव्हा ते तितके उघड नव्हते, कारण ऑस्ट्रेलियाचे दोन सामने बाकी होते. तरीही टीका झाली आणि ती गावसकरांच्या कानावर नक्की गेली असणार. हा तोच खेळाडू, ज्याने पहिल्या विश्वचषकाच्या पहिल्या दिवशी, ७ जून १९७५ला लॉर्ड्‌सवर, इंग्लंडच्या ३३४ धावांपुढे साठ षटके खेळून नाबाद ३६ केल्या होत्या. १७४ चेंडूंत. बारा वर्षे तो आकडा त्यांच्या पाठीला चिकटून होता.

पुढचे चार दिवस तराजू कसा हलत राहिला पाहा. २७ तारखेला चंदीगडला ऑस्ट्रेलियाने न्यूझीलंडला १७ धावांनी हरवले, मार्श नाबाद १२६, पण धावा २५१च; गती उतरून ५.१६५. भारत पुढे. ३० तारखेला कटकला झिंबाब्वेविरुद्ध त्यांनी ५ बाद २६६ केल्या. गती ५.१९३. भारत मागे, सात हजारांशांनी. कटकला त्यांच्या दोनच धावा कमी झाल्या असत्या तर दोघांची गती दशांश चिन्हानंतर चार घरांपर्यंत सारखी, ५.१८५७, आली असती. पुन्हा तेच दोन. आकड्यांनाही खोड्या सुचतात.

त्याच दिवशी पुण्यात इंग्लंडने श्रीलंकेला आठ गडी राखून हरवून ‘ब’ गटातले दुसरे स्थान घेतले. कराचीत पाकिस्तान वेस्ट इंडीजकडून हरले तरी पहिलेच राहिले. म्हणजे ३० ऑक्टोबरच्या रात्री चारही उपान्त्य संघ ठरलेले, इंग्लंड मुंबईला येणार हे ठरलेले, पाकिस्तान लाहोरला थांबणार हे ठरलेले. राहिला होता एकच प्रश्न : त्यांच्यासमोर कोण? भारत पहिला आला तर घरी, मुंबईत, इंग्लंड. दुसरा आला तर लाहोर, आणि समोर इम्रान खानचा पाकिस्तान.

नागपूरला विदर्भ क्रिकेट संघटनेच्या सिव्हिल लाइन्समधल्या मैदानावर न्यूझीलंडने नाणेफेक जिंकली आणि फलंदाजी घेतली. त्यांना स्पर्धेत काही मिळवायचे उरले नव्हते. पण या निर्णयाने भारताची एक मोठी सोय झाली. आधी फलंदाजी करावी लागली असती तर पन्नास षटकांत किमान २६२ धावा काढून वर सामनाही जिंकावा लागला असता. आता आधी प्रतिस्पर्ध्याला रोखायचे आणि मग नेमके किती चेंडू आहेत ते मोजून मारायचे.

न्यूझीलंडचा डाव रखडत चालला. नैरोबीत जन्मलेल्या गुजराती कुटुंबातल्या दीपक पटेलच्या ४० धावा सर्वाधिक. पाच बाद १८२ असताना चेतन शर्माने केन रुदरफर्ड, इयन स्मिथ आणि युइन चॅटफील्ड या तिघांच्या यष्ट्या लागोपाठ उखडल्या. विश्वचषकातली ही पहिली हॅट्‌ट्रिक. तिन्ही त्रिफळाचीत, ना झेलाची भानगड, ना पंचांकडे दाद मागायची गरज. आठ बाद १८२. मग मार्टिन स्नेडन आणि विली वॉटसन यांनी नवव्या गड्यासाठी ३९ धावा जोडल्या आणि पन्नास षटकांत ९ बाद २२१ झाल्या. हॅट्‌ट्रिकच्या गजरात या ३९ धावा कुणाला आठवत नाहीत. भारताचे काम त्यांनी चांगलेच लांबवले होते.

आता हिशेब. नागपूरपूर्वी भारताच्या ११४० धावा, २१९ षटके ५ चेंडूंत. विजयाच्या २२२ मिळवून १३६२. ऑस्ट्रेलियाची ५.१९३ ओलांडायची तर ही १३६२ धावसंख्या फार तर २६२ षटकांच्या थोडे पलीकडे गाठली पाहिजे. त्यातून मागची २१९.५ वजा केली की उरतात ४२ षटके आणि २ चेंडू. म्हणजे २५४ चेंडू. षटकाला सव्वापाचची गती. आज शाळकरी पोरेही हसतील. १९८७ साली, पन्नास षटकांत सव्वादोनशे म्हणजे बरी धावसंख्या मानली जायची त्या काळी, ही गती घाम काढणारी होती.

गावसकरांना त्या दिवशी ताप होता. सहकाऱ्यांनी आणि वृत्तांतकारांनी हे सांगून ठेवले आहे. धावफलकात तापाला रकाना नसतो. जे रकाने आहेत ते असे : श्रीकांत, धावा ७५, चेंडू ५८. सलामीची भागीदारी १३६. गावसकर नाबाद १०३, चेंडू ८८, चौकार १०, षटकार ३. चॅटफील्डच्या एका षटकात दोन षटकार आणि दोन चौकार. अझरुद्दीन नाबाद ४१. भारत १ बाद २२४, षटके ३२.१. सामनावीराचा मान गावसकर आणि चेतन शर्मा यांच्यात वाटून दिला गेला.

अहमदाबादला ११४ चेंडूंत ५०, पाच दिवसांनी ८८ चेंडूंत १०३. तोच माणूस, त्याच स्पर्धेत. ज्या डावाने भारताची गती बुडवली आणि ज्या डावाने ती तारली, दोन्ही एकाच्या नावावर आहेत. कर्ज काढणाराही तोच, फेडणाराही तोच.

इथे मात्र माझ्या आवडत्या सिद्धांताला थोडे मागे घ्यावे लागते. नियमाने भारताला २५४ चेंडू दिले होते. त्यांनी १९३ वापरले. एकसष्ट चेंडू शिल्लक राहिले, म्हणजे दहा षटकांहून जास्त. मुंबईला जाण्यासाठी इतक्या घाईची गरज नव्हती. भागाकारातून सव्वापाच निघतात. सातची गती निघत नाही. त्या एकसष्ट चेंडूंचे कारण कुठल्याही तक्त्यात सापडत नाही. श्रीकांत एका बाजूने तसा सुटल्यावर दुसऱ्या बाजूच्यालाही मोह झाला असेल, किंवा ताप असताना उभे राहण्यापेक्षा मारणे सोपे गेले असेल, किंवा अहमदाबादनंतरचे चार दिवस कुणी काय बोलले ते मनात असेल. दहा धावफलकांची पोच तिथवर नाही.

आणखी एक गणित केले. आजची निव्वळ धावगती तेव्हा असती तर? ऑस्ट्रेलियाची अखेरची भरते अधिक ०.४७. भारताची, नागपूरच्या आधीच, अधिक ०.९३. प्रभाकरचे ते चार बळी, दिल्लीला अझरुद्दीनने घेतलेले तीन, सगळे हिशेबात धरले जातात आणि भारत दुपटीने पुढे निघतो. नागपुरात शेवटच्या चेंडूवर जिंकले असते तरी गट भारताचाच. मग गावसकर त्यांच्या नेहमीच्या संथ चालीने साठ-सत्तर धावा काढून गेले असते, आणि आज त्यांच्या एकदिवसीय शतकांच्या रकान्यात शून्य असते. नियम सदोष होता. त्या सदोष नियमाने आपल्याला एक अपूर्व डाव दिला.

या पळापळीने मिळवले काय, तेही कागदावर आहे. ४ नोव्हेंबरला लाहोरमध्ये, भारताच्या जागी गेलेल्या ऑस्ट्रेलियाने ८ बाद २६७ केल्या. डावातल्या सलीम जाफरच्या शेवटच्या षटकात स्टीव्ह वॉने अठरा धावा कुटल्या, आणि पाकिस्तान हरले ते अठराच धावांनी. दुसऱ्या दिवशी वानखेडेवर ग्रॅहम गूच मणिंदर आणि शास्त्रीच्या फिरकीला गुडघा टेकून स्वीप मारत राहिला, ११५ धावा. इंग्लंड ६ बाद २५४. वानखेडेच्या फलकावर नागपूरचाच आकडा उभा होता, २५४, या वेळी धावांचा. भारत २१९ धावांत, ४५.३ षटकांत सर्वबाद. कपिलदेव हेमिंग्जला उचलून मारताना सीमेजवळ गॅटिंगच्या हातात सापडले. लाहोर चुकवून घरी आलेला संघ घरीच हरला, आणि लाहोरला धाडलेल्या संघाने ८ नोव्हेंबरला इडन गार्डन्सवर इंग्लंडला सात धावांनी हरवून चषक नेला.

गावसकरांचा तो शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना. एकदिवसीय सामन्यांत १०८वा. नागपूरचे शतक १०७व्यातले. वानखेडेच्या धावफलकात त्यांच्या नावापुढे लिहिले आहे : त्रिफळा डीफ्रेटस, ४.